रेकॉर्डवर न गेलेल्या चार घोषणा

२२ जुलै २०२० च्या दुपारी माझ्या मोबाइलवर एकच क्लिप अकरा वेळा आली. कोरोनामुळं साताऱ्यात पोवई नाक्याजवळची आमची अभ्यासिका मार्चपासून बंद होती. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी आपापल्या गावी, कुणी वडूजला, कुणी पाटणला, कुणी कोरेगावच्या मळ्यात. राज्यशास्त्राचा तास व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचा. त्या दिवशी विषय होता राज्य वित्त आयोग. तो तसाच राहिला.

क्लिप जेमतेम अर्ध्या मिनिटाची होती. उदयनराजे भोसले राज्यसभेच्या सदस्यत्वाची शपथ घेतात, ती संपल्यावर ‘जय हिंद, जय महाराष्ट्र, जय भवानी, जय शिवाजी’ म्हणतात. आसनावरून सभापती व्यंकय्या नायडू सांगतात की हे रेकॉर्डवर जाणार नाही, फक्त शपथ जाईल. तुम्ही नवे आहात, पुढच्या वेळी लक्षात ठेवा, सभागृहात घोषणा द्यायच्या नसतात. संपलं. तिथून पुढं दोन दिवस महाराष्ट्रात जे झालं, ते या अर्ध्या मिनिटावर उभं होतं.

ग्रुपवर पहिला मेसेज कोरेगावच्या पोराचा: ‘सर, आपल्या महाराजांचं नाव घेतलेलं ह्यांना चालत नाय व्हय?’ दुसऱ्या दिवशी त्यानं पोस्टकार्डाचा फोटो टाकला. मजकूर मोठ्या अक्षरांत ‘जय भवानी, जय शिवाजी’. पत्ता: मा. सभापती, लोकसभा, नवी दिल्ली.

मजकुराबद्दल मी काही बोललो नाही, पत्त्याबद्दल बोललो. लोकसभेला सभापती नसतात, अध्यक्ष असतात. सभापती राज्यसभेला. त्यावर त्याचं उत्तर असं की, ‘सभापती म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं पंचायत समितीची बोलेरो येते, सर.’

चेष्टेनं म्हणाला, पण गोंधळाचं मूळ तिथंच आहे. सातारा जिल्ह्यात ११ तालुके, म्हणजे ११ पंचायत समित्या आणि त्यांचे ११ सभापती. जिल्हा परिषदेच्या विषय समित्यांना सभापती, बाजार समितीलाही सभापती. हे सगळे निवडून आलेले, पक्षाचे, गटाचे, कुणाच्या तरी बाजूचे. सभापतीनं ‘आपल्या माणसाला’ अडवलं की त्यामागं राजकारणच असणार, हा इथला अनुभव आहे आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. तोच चष्मा घालून लोकांनी दिल्लीकडं पाहिलं.

वरिष्ठ सभागृहाच्या सभापतीची ओळख साताऱ्याला नव्हती असंही नाही. त्याच वेळी विधान परिषदेच्या सभापतिपदी फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर होते, २०१५ ते २०२२. त्याआधी १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षं त्या आसनावर बसलेले वि. स. पागे शेजारच्या सांगली जिल्ह्याचे. रोजगार हमी योजनेमुळं लोकांना ते आठवतात, सभापती म्हणून कमी. पण विधान परिषदेचा सभापती सदस्यांमधूनच निवडला जातो. राज्यसभेचं तसं नाही. घटनेच्या कलम ६४ आणि ८९ नुसार भारताचे उपराष्ट्रपती हेच पदसिद्ध सभापती. ज्या सभागृहाचं कामकाज ते चालवतात त्याचे ते सदस्य नसतात. मतं समसमान पडली तरच त्यांना मत. दोन्ही सभागृहांचे खासदार मिळून त्यांना निवडतात, त्यात लोकसभेचे खासदार संख्येनं जास्त. म्हणजे एका सभागृहाचा प्रमुख ठरवण्यात दुसऱ्या सभागृहाचं वजन अधिक! ही गंमत वर्गात सांगितली की निम्मी पोरं वहीत लिहून घेतात. दुसरी गंमत पगाराची. उपराष्ट्रपती या पदाला वेगळा पगार नाही, जे मिळतं ते राज्यसभेचा सभापती म्हणून. २०१८ पासून महिना चार लाख रुपये.

आता दुसरं पात्र. उदयनराजे २००९, २०१४ आणि मे २०१९ असे तीन वेळा साताऱ्यातून राष्ट्रवादीच्या तिकिटावर लोकसभेत गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये आले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून हरले. शरद पवारांची ती पावसातली सभा झाली ती याच निवडणुकीत, इथल्याच मैदानावर. मग २०२० मध्ये भाजपनं त्यांना राज्यसभेवर पाठवलं. त्यामुळं नायडूंनी त्यांना ‘नवे’ म्हटलं ते राज्यसभेपुरतं बरोबर होतं. लोकसभेत तीन शपथा घेतलेल्या माणसाला ते कसं वाटलं असेल, हा निराळा भाग. आणि नायडूही उपराष्ट्रपती होण्याआधी भाजपचेच नेते. म्हणजे अडवणारा आणि अडवला गेलेला एकाच घरचे. तरीही प्रकरण पेटलं, कारण राज्यात सरकार महाविकास आघाडीचं होतं आणि विरोधकाला टोचायला आयती सुई सापडली होती. शिवसेनेनं भाजपला धारेवर धरलं. जानेवारीत संजय राऊत यांनी उदयनराजेंकडं शिवाजी महाराजांचे वंशज असल्याचा पुरावा मागितला म्हणून सांगली बंद झाली होती. आता राऊतांनी विचारलं, या वेळी बंदची हाक कुठं गेली? राष्ट्रवादी युवक काँग्रेसनं नायडूंना ‘जय भवानी, जय शिवाजी’ लिहिलेली २० लाख पत्रं पाठवायचं जाहीर केलं. आमच्या पोराचं पोस्टकार्ड त्या लाटेतलंच.

ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या उदयनराजेंनी पत्रकारांना स्वच्छ सांगितलं की अपमान झालेला नाही, झाला असता तर आपण गप्प बसलो नसतो. नायडूंनीही खुलासा केला: आपण शिवाजी महाराजांचे चाहते आणि भवानीमातेचे उपासक आहोत, शपथेच्या वेळी घोषणा देत नाहीत या प्रथेची फक्त आठवण करून दिली, अनादर अजिबात नव्हता. दोन्ही बाजूंनी हात झटकले. तिथंच थांबलं असतं तर हे प्रकरण वर्गात घेण्याजोगं नव्हतं. पण एक प्रश्न कुणी विचारलाच नाही, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो.

रेकॉर्डवर जाणार नाही, म्हणजे कुठल्या रेकॉर्डवर?

२२ जुलैला राज्यसभेचं अधिवेशन चालू नव्हतं. अर्थसंकल्पी अधिवेशन २३ मार्चला गुंडाळलं होतं आणि पावसाळी अधिवेशन सुरू झालं १४ सप्टेंबरला. अधिवेशन नसताना शपथ घ्यायची तर ती सभापतींच्या दालनात होते. या वेळी ६१ नव्या सदस्यांपैकी ४५ जण एकाच दिवशी शपथ घेणार होते, एकमेकांत अंतर राखायचं होतं, म्हणून सोहळा सभागृहात घेतला. अधिवेशन नसताना सभागृहात शपथ, असं पहिल्यांदाच घडलं. म्हणजे जागा सभागृहाची, पण बैठक सभागृहाची नव्हे. बाकं तीच, आसन तेच, फक्त सभागृह भरलेलं नव्हतं. एरवी चार भिंतींत चहाच्या कपासोबत उरकणारी गोष्ट कॅमेऱ्यासमोर आली आणि दालनात कदाचित हसून सांगितली गेली असती अशी सूचना देशभर ऐकू गेली.

अशा वेळी रेकॉर्ड म्हणजे काय? कलम ९९ सांगतं, प्रत्येक सदस्यानं आपली जागा घेण्याआधी राष्ट्रपतींसमोर किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीसमोर तिसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्याप्रमाणं शपथ घ्यायची आणि तिच्यावर सही करायची. कायद्याच्या लेखी रेकॉर्ड ते. शपथ न घेता बसून मतदान केलं तर कलम १०४ खाली दिवसाला ५०० रुपये दंड. १९५० मध्ये ही रक्कम भारी असणार, आज तेवढ्यात दोघांचं जेवणसुद्धा होत नाही. शपथेचा मजकूर ठरलेला: घटनेवर श्रद्धा आणि निष्ठा, देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, कर्तव्याचं पालन. त्यातले सार्वभौमत्व-अखंडतेचे शब्द १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनं आले. पर्याय एकाच ठिकाणी आहे: ईश्वरसाक्ष म्हणायचं की गांभीर्यपूर्वक.

या ठरलेल्या मजकुरात हात घातला तर काय होतं, याचं उदाहरण केरळमध्ये आहे. २००१ साली निवडून आलेल्या एका आमदारानं ईश्वराऐवजी श्रीनारायण गुरूंच्या नावानं शपथ घेतली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ती शपथ वैध धरली गेली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. श्रद्धा कितीही खरी असो, नमुन्यातला शब्द बदलता येत नाही. उदयनराजेंचं तसं नव्हतं. त्यांनी शपथ पूर्ण म्हटली आणि मग घोषणा दिल्या. शपथ शाबूत, सदस्यत्व शाबूत. म्हणून मी पोरांना सांगितलं की सभापतींनी त्या दिवशी जो अधिकार वापरला तो त्यांच्या भात्यातला सगळ्यांत लहान बाण होता. कुणाला बाहेर काढलं नाही, शपथ पुन्हा घ्यायला लावली नाही.

इथं ‘वगळणं’ आणि ‘न नोंदवणं’ यांत फरक करायला हवा, कारण परीक्षेत पोरं हमखास चुकतात. नियम २६१ खाली चर्चेतला शब्द बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा अशोभनीय वाटला तर सभापती तो कामकाजातून काढून टाकू शकतात. त्यात त्या शब्दावर ठपका असतो. न नोंदवण्यात ठपका नसतो. तो मजकूर कामकाजाचा भागच नव्हता, एवढंच म्हणणं असतं. राज्यसभेच्या छापील वृत्तांतात दोन्हीकडं फुली दिसते, पण तळटीप वेगळी. नायडू बोलले ते दुसऱ्या प्रकारातलं. मराठी वाहिन्यांच्या पट्टीवर मात्र ते ‘घोषणेला आक्षेप’ म्हणून धावलं, आणि आक्षेप हा शब्द पहिल्या प्रकारात बसतो. सगळी आग त्या एका शब्दानं लावली असं मी म्हणणार नाही; पण काडी तीच होती.

नायडू शब्दांच्या बाबतीत काटेकोरच. डिसेंबर २०१७ मध्ये सभापती म्हणून पहिल्याच अधिवेशनात त्यांनी मंत्र्यांना बजावलं होतं की कागदपत्रं पटलावर ठेवताना ‘याचना करतो’ अशी इंग्रजांच्या काळातली भाषा नको, आपण स्वतंत्र आहोत. २०१८ च्या जुलैपासून घटनेतल्या सर्व २२ भाषांत बोलण्याची आणि भाषांतराची सोय राज्यसभेत झाली तीही त्यांच्याच काळात. तेव्हा ‘दक्षिणेतला माणूस, त्याला मराठीचं काय’ हे जे ग्रुपवर आलं, ते मी खोडून टाकलं. संसदेच्या आवारातला शिवरायांचा पुतळासुद्धा २००३ मध्ये भैरोंसिंह शेखावतांच्या हस्ते उभा राहिला, आणि ते तेव्हा उपराष्ट्रपती, म्हणजे राज्यसभेचे सभापतीच.

एवढं सांगूनही पोरं गप्प बसली नाहीत, आणि त्यांचं सगळंच चुकीचं होतं असंही नाही. वडूजच्या मुलीनं लिहिलं, ‘सर, ही घोषणा नाहीच.’ बरोबर होतं तिचं. साताऱ्यात ‘जय शिवाजी’ हा फोन उचलल्यावरचा शब्द आहे, तालमीत लंगोट बांधतानाचा आहे, लग्नात वरात निघतानाचा आहे. मोती चौकात पेढे बांधून देणाराही पुडा हातात देताना म्हणतो. जयजयकार, गारद, ललकारी, रामराम या सगळ्यांची सरमिसळ झालेला तो शब्द. संसदेच्या भाषेत घोषणा म्हणजे हौद्यात, आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून दिलेली, कामकाज अडवणारी आरोळी. इथं ती सही खालच्या रेघेसारखी असते, बोलणं पुरं झालं हे सांगणारी. सभापतींनी पहिल्या अर्थानं मनाई केली, साताऱ्यानं ती दुसऱ्या अर्थानं ऐकली. त्यात हे नाव घेणारा माणूस छत्रपतींच्या गादीचा. त्यांनी ते नाव घेतलं नसतं तर इथं वेगळीच चर्चा झाली असती!

तरी माझं मत नायडूंच्या बाजूनं झुकतं, आणि ते मी ग्रुपवर लिहिलंही. कारण आज ज्या घोषणेवर आपली मान ताठ होते, तिला दार उघडलं की पुढच्या माणसाच्या घोषणेलाही तेच दार. २०१९ च्या जूनमध्ये लोकसभेत शपथविधीला हेच झालं होतं. एकानं देवाचं नाव घेतलं, दुसऱ्यानं त्याच्या धर्माचं, तिसऱ्यानं राज्याचं, आणि शपथ बाजूला राहून बाकांबाकांत आवाजाची चढाओढ लागली. सभापतीनं कुठली घोषणा चांगली हे ठरवायला सुरुवात केली की तो सभापती राहत नाही. सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं तर ते ‘नको’ हेच असू शकतं.

माझी तक्रार आहे ती प्रथेवर भिस्त ठेवण्याबद्दल. नायडूंनी स्वतःच खुलाशात प्रथेचा आधार दिला. प्रथा ज्यांना माहीत त्यांच्यासाठी ठीक. पहिल्यांदा आलेल्याला ती सर्वांसमोर चूक काढून शिकवावी लागते, आणि मग ती चूक त्या माणसाची न राहता त्याच्या जिल्ह्याची होते. लोकसभेनं हे उशिरा का होईना कागदावर आणलं. जून २०२४ च्या शपथविधीत पॅलेस्टाइनच्या नावानं घोषणा झाली, गदारोळ झाला, आणि काही दिवसांतच अध्यक्ष ओम बिर्ला यांनी निर्देशांत दुरुस्ती केली: शपथेच्या नमुन्याआधी वा नंतर कुठलाही शब्द जोडायचा नाही. त्या शपथविधीला उदयनराजेही लोकसभेत होते, साताऱ्यातून पुन्हा निवडून आलेले. राज्यसभेत नोव्हेंबर २०२५ मध्ये सचिवालयाच्या पत्रकानं सदस्यांना शिष्टाचाराची आठवण दिली की ‘जय हिंद’, ‘वंदे मातरम’ यांसह कुठल्याच घोषणा सभागृहात नकोत. तेव्हा ओरड झाली ती बंगालमधून. आमच्या ग्रुपवर कुणी अक्षर लिहिलं नाही.

पण ते पुढचं. २०२० मध्ये मी पोरांना म्हटलं होतं, आसनाची खरी ताकद बघायची तर थोडं थांबा. फार थांबावं लागलं नाही. २० सप्टेंबरला, बरोबर साठ दिवसांनी, त्याच सभागृहात शेतीची दोन विधेयकं आली, त्यातलं एक थेट बाजार समित्यांच्या मुळाशी जाणारं. आसनावर नायडू नव्हते, उपसभापती हरिवंश होते. विरोधक मतविभाजन मागत होते, म्हणजे डोकी मोजा. आसनावरून आवाजी मतदान घेतलं गेलं आणि विधेयकं मंजूर झाल्याचं जाहीर झालं. हरिवंश यांचं म्हणणं, मागणी करणारे आपापल्या जागेवर नव्हते; विरोधकांचं म्हणणं, होते. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य अधिवेशन संपेपर्यंत निलंबित झाले, त्यात महाराष्ट्राचे राजीव सातव. हरिवंश यांच्याविरुद्धची अविश्वासाची नोटीस नायडूंनी फेटाळली, कारण चौदा दिवसांची मुदत पाळलेली नव्हती. आणि कलम १२२ मुळं कामकाजाच्या पद्धतीतल्या चुकीसाठी न्यायालयाचं दारही जवळपास बंद.

जुलैमध्ये एक वाक्य रेकॉर्डवर गेलं नाही, तर जिल्हा दोन दिवस पेटला. सप्टेंबरमध्ये मतंच मोजली गेली नाहीत. कोरेगावच्या त्या पोराच्या घरी आल्याचं पीक असतं. आल्याचा दर बाजारात पडला की त्याची फी थकते, हे मला दर वर्षी कळतं. त्या रात्री मी ग्रुपवर सभागृहातल्या मतदानाबद्दलच्या कलम १०० ची टिपणं टाकली आणि त्याला खासगीत विचारलं, या वेळी कार्ड पाठवणार का?

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं: ‘पाठवतो की, सर. पत्ता तेवढा सांगा. सभापती लिहू का उपसभापती?’